लॅपटॉपच्या पोटात : भाग ७ – पट्टे, धूळ आणि हीट गन

लग्नसराई उतरत आली की तलासरी-डहाणूकडच्या फोटो स्टुडिओवाल्यांचे लॅपटॉप आजारी पडायला लागतात. रात्र-रात्र व्हिडिओ मिक्सिंग चाललेलं, लॅपटॉप गादीवर, आणि हवा आत घेणारी खालची जाळी चादरीने बंद. मग एका रात्री स्क्रीनवर हिरवे-गुलाबी पट्टे उमटतात, नवरदेवाच्या तोंडाचे चौकोन होतात आणि मशीन काळं पडतं. पंखा तेवढा घोंघावत राहतो. परवा माझ्याकडे आलेलं मशीन तलासरीचं होतं, तक्रार हीच.

आधी ठरवायचं, पडदा गेला की चिप? एचडीएमआयची वायर टीव्हीला लावा. तिथे चित्र स्वच्छ आलं, तर दोष बहुधा पडद्याचा किंवा बिजागरातून जाणाऱ्या केबलचा. झाकण हलवल्यावर पट्टे नाचत असतील तर केबलच. टीव्हीवरही तेच पट्टे आले, तर रॅम काढून, पुसून पुन्हा बसवा. तरी फरक नसेल तर ग्राफिक्सवर संशय घ्या. चालू होताना कंपनीचं नाव झळकतं त्या वेळीच पट्टे असतील, तर विंडोज पुन्हा टाकण्यात पैसे घालवू नका. विंडोज तोवर आलेलंच नसतं.

आता मागचं झाकण उघडा. बॅटरीची वायर आधी काढायची, हे मागच्या भागात सांगितलंच आहे. पंखा आणि पातळ पट्ट्यांची जाळी यांच्यामध्ये एक राखाडी गोधडी सापडते. तलासरीच्या मशीनमध्ये ती कोरडी, हायवेच्या धुळीची. ब्रश लावताच भुरभुरते. डहाणूच्या किनाऱ्याकडची खाऱ्या हवेने थापली गेलेली असते. चिमट्याने ओढली की अख्खी निघते, आणि शेजारच्या स्क्रूंच्या डोक्यांवर गंज दिसतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. चिपवरची जुनी थर्मल पेस्ट वाळल्या चुन्यासारखी झालेली असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मसुरीच्या दाण्याएवढी नवी लावायची. मशीन नुसतंच तापून बंद पडत असेल, तर एवढ्यावर काम भागतं.

पट्टे कायमचे उमटले असतील, तर मात्र धूळ काढायला उशीर झालेला असतो. चिपखाली दोन मजले आहेत. सिलिकॉनचा तुकडा सूक्ष्म टाक्यांनी एका छोट्या पाटीवर बसवलेला, आणि ती पाटी सोल्डरच्या गोळ्यांनी मदरबोर्डवर. तापल्यावर सिलिकॉन जितकं प्रसरण पावतं, त्याच्या पाच-सहा पट ती पाटी पावते. दुपारी तापून रात्री निवणाऱ्या पत्र्याचे खिळे ढिले होतात, तसे टाके रोजच्या ओढाताणीत तडकतात. २००८ च्या जुलैमध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या काही चिपांतल्या अशाच दोषापायी १५ ते २० कोटी डॉलरचा भार उचलत असल्याचं जाहीर केलं होतं. कारण दिलं होतं चिप आणि पाटीच्या जोडणीतलं कच्चं साहित्य.

बाजारात यावर उपाय मिळतो : ‘हीट मारून देतो’ किंवा ‘रिबॉल करून देतो’. रिबॉलिंगमध्ये खालच्या मजल्याचे गोळे बदलतात. तडा वरच्या मजल्यात असेल तर हे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. मशीन चालू होतं, कारण त्या उष्णतेने वरचे टाके तात्पुरते चिकटतात, आणि काही आठवड्यांत पट्टे परत. हीट गनचं तर बोलूच नका. बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं. हातातल्या गनखाली कुठे किती अंश झाले कळत नाही, शेजारचे प्लास्टिकचे कनेक्टर मात्र वाकतात. म्हणून कारागिराला एकच विचारा : ‘चिप तीच बसवणार की नवी?’ तीच असेल तर मी तरी पैसे देणार नाही. आणि ‘नवी’ म्हणून जुनीच धुऊनपुसून बसवणारेही आहेत.

तलासरीच्या त्या मशीनमध्ये सुदैवाने दोन ग्राफिक्स होती, एक प्रोसेसरमधलं, दुसरं वेगळ्या चिपचं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वेगळं बंद केलं आणि पट्टे गेले. मिक्सिंगला आता दुप्पट वेळ लागतो, स्टुडिओवाला कुरकुरतो. पण लॅपटॉप गादीवरून उठून चिकूच्या जाळीदार क्रेटवर आला आहे.