ते एक मिनिट

नांदेड-लातूरकडचे आई-वडील ‘डॉक्टर मायाळू आहेत’ असे कोणाला म्हणतात? जो आईचे बोलणे पूर्ण ऐकतो, खोकणाऱ्या बाळाचे अंगडे वर करून मिनिटभर श्वास मोजतो, त्याला. ही माया शास्त्राला धरूनच आहे. बाळ शांत असताना मिनिटाला श्वास किती? दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असतील, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यसेवकांनाही हे मोजायला शिकवले. घरीही मोजता येते. मात्र श्वास घेताना छाती खालून आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध पीत नसेल, तर मोजत बसू नका. तडक दवाखाना गाठा.