यंत्राचे गळणे

रोजमेळ जुळत नाही म्हणून कोणताही व्यापारी नवी वही विकत आणत नाही. तो एकेक नोंद तपासत जातो आणि चूक सापडल्यावरच उठतो. घरातले यंत्र अडले की मात्र हाच मनुष्य थेट खरेदीचा विचार करू लागतो.

एका व्यापारी कुटुंबात चातुर्मासात असेच घडले. घर चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर. वॉशिंग मशीनची तासाभराची धुलाई दोन तासांवर गेली; पुढे ते मध्येच थांबून पाणी येत नसल्याची खूण दाखवू लागले. सूनबाईंची सकाळच्या प्रवचनाची वेळ रोज हुकू लागली. सासूबाईंच्या मते मशीन जुने झाले होते, तर चिरंजीवांच्या मते पंप बसवणे अटळ होते. पंपाचे दरपत्रकही आले. आजोबांनी एवढेच विचारले, "पाणी नेमके अडते कोठे, हे कोणी पाहिले का?"

मशीन पाणी घेते ते पातळी पाहून. ठरावीक वेळेत ती पातळी गाठली गेली नाही, तर ते थांबते. दोष टाकीपासून मशीनपर्यंत कोठेही असू शकतो. म्हणून तपासणी क्रमानेच करावी लागते.

आजोबांनी नातवाला हाताशी घेतले. प्रथम नळ पूर्ण उघडा आहे ना, हे पाहिले. मग मशीनची नळी सोडून त्याच नळाखाली दहा लिटरची बादली लावली. ती मिनिटभरात भरली. म्हणजे नळाला पाणी पुरेसे होते. ते पाणी स्वयंपाकघरात वापरले गेले. नळी भिंतीजवळ दुमडलेली नव्हती. उरले मशीनचे तोंड.

विजेचा प्लग काढून आणि नळ बंद करून त्यांनी मशीनच्या मागे नळी जोडण्याच्या जागी पाहिले. तेथे बोटाच्या पेराएवढी बारीक जाळी असते. ती पकडीने अलगद ओढून काढली, तेव्हा वाळू आणि गंज यांनी पूर्ण भरलेली होती. इमारतीची टाकी नुकतीच धुतली गेली होती. ढवळलेला गाळ नळांतून येथवर आला होता. जुन्या दातांच्या ब्रशने जाळी स्वच्छ झाली. क्षार बसलेले असतील, तर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ती थोडा वेळ ठेवावी. जाळी काढून टाकण्याचा मोह मात्र टाळावा. वाळूचा कण आतील झडपेत अडकला, तर मशीन बंद असतानाही पाणी आत वाहत राहते.

दरपत्रक परत गेले. पंप नेहमीच अनावश्यक असतो, असे नव्हे. पाण्याच्या दहा मीटर उंचीने सुमारे एक बार दाब मिळतो. अनेक मशीनना किमान 0.3 ते 0.5 बार, म्हणजे तीन ते पाच मीटर उंची लागते. टाकी थेट छतावर असेल, तर वरच्या मजल्याला तेवढी उंची मिळत नाही. अशा वेळी टाकी उंच चौथऱ्यावर घेणे किंवा टाकीनंतर छोटा पंप बसवणे योग्य ठरते. नगरपालिकेच्या नळाला थेट पंप जोडणे मात्र नियमबाह्य आहे. त्याने शेजाऱ्याचे पाणी तुटते आणि गळक्या जोडांतून घाण आत ओढली जाते.

पाणी गाळून वापरणे हा जैन घराचा जुना आचार. गळणे रोज धुऊन वाळवावे, हे कोणाला शिकवावे लागत नाही. मशीनची जाळी हेही एक गळणेच आहे. ते केवळ डोळ्यांआड असते. महिन्यातून एकदा, आणि टाकी धुतल्यानंतर लगेच, ते स्वच्छ करावे. अप्कायिक जीवांविषयीची यतना, म्हणजेच जयणा, पाणी कमी सांडण्यात जशी आहे, तशी ते जेथे अडते ती जागा शोधण्यातही आहे.

सूनबाई दुसऱ्या दिवशी प्रवचनाला वेळेवर पोहोचल्या.