फराळाचा अंदाज

कोजागरी पौर्णिमा उलटली कीं महाराष्ट्रांतील शहरांत पिठाच्या गिरण्यांपुढें डब्यांची रांग लागते. कोणाच्या डब्यांत चकलीची भाजणी असते, कोणाच्या डब्यांत लाडवांसाठीं हरभऱ्याची डाळ. डबा स्वाधीन करतांना गिरणीवाल्यास एक गोष्ट निक्षून सांगितली जाते: "भाजणी गव्हावर दळूं नका." असें सांगणारीस कारण विचारलें, तर ती बहुधा एवढेंच म्हणेल कीं, आमच्याकडे तशी रीतच आहे. कारण मात्र आहे, आणि तें पक्कें आहे. गिरणींत राहिलेलें गव्हाचें पीठ भाजणींत मिसळलें, म्हणजे पाणी लागतांच त्यांतील चिकट सत्त्व ताणूं लागतें आणि चकली खुसखुशीत न होतां चिवट होते.

दिवाळीच्या फराळाभोंवतीं असे कितीतरी दंडक आहेत. गरम पदार्थांच्या डब्याला झांकण लावूं नये, ओला हात डब्यांत घालूं नये, बेसन कोमट झाल्याखेरीज त्यांत साखर मिसळूं नये, चकलीचें तेल फार तापूं देऊं नये. बाहेरून पाहणाऱ्यास या घरोघरच्या लहरी वाटतात. वास्तविक त्यांच्यामागें पिढ्यान्‌पिढ्यांची पारख आहे.

या पारखीचा रोख मुख्यतः एकाच शत्रूवर आहे, आणि तो शत्रू म्हणजे पाणी. बुरशी व इतर सूक्ष्म जंतू यांना वाढण्यास मोकळें पाणी लागतें; तें न मिळाल्यास त्यांचें कांहीं चालत नाहीं. रेफ्रिजरेटर घरोघर येण्यापूर्वीं पंधरा-पंधरा दिवस पुरणारे पदार्थ करावयाचे, तर त्यांतील पाणी काढून टाकणें किंवा साखर-गुळानें तें बांधून ठेवणें, हेच मार्ग हाताशीं होते. फराळांतील बहुतेक पदार्थ या दोहोंपैकीं एका वाटेनें किंवा दोन्ही वाटांनीं टिकतात.

तळणें ही क्रिया एका अर्थीं वाळविण्याचीच आहे. पाणी १०० अंश सेंटिग्रेडला उकळतें; तळणीचें तेल त्याहून पुष्कळ अधिक, सुमारें १६० ते १८० अंशांपर्यंत तापलेलें असतें. चकली सोडतांच जे बुडबुडे उसळतात ते तेलाच्या उकळीचे नव्हेत. ती चकलींतून निसटणारी पाण्याची वाफ होय. म्हणूनच जाणती गृहिणी चकलीच्या रंगाइतकेंच बुडबुड्यांकडे लक्ष ठेविते. ते ओसरले, कढई शांत झाली, कीं झारा पुढें होतो. आंच मोठी ठेविली तर चकली वरून लवकर तांबूस होते, आंत ओल राहते, आणि दुसऱ्या दिवशीं ती मऊ पडते. गरम चकल्यांवर झांकण लावल्यास उरलीसुरली वाफ झांकणाला आंतून लागून तिचें पाणी होतें व सारी मेहनत फुकट जाते. पाण्याचा बंदोबस्त झाला तरी हवा आणि उजेड उरतात. त्यांच्या संगतीनें तेल-तूप खवट होतें; म्हणून डबा घट्ट झांकणाचा आणि पत्र्याचा किंवा पितळेचा असे.

दुसरी खुबी मोहनाची. भाजणींत कडकडीत तेल घातलें म्हणजे त्याचा पातळ लेप पिठाच्या कणांवर बसतो. मग पाणी घालून मळलें तरी कण एकमेकांस घट्ट धरीत नाहींत, आणि तळलेला पदार्थ दांतांखालीं सहज फुटतो. मोहन कमी पडलें तर चकली कडक होते; अधिक झालें तर ती तेलांतच विस्कटते. पुडाच्या करंजींत हीच युक्ति निराळ्या रूपानें येते. तूप व तांदळाची पिठी फेसून केलेला साटा पोळ्यांच्या मधें लावितात. त्यामुळें थर एकजीव होत नाहींत, आणि तळतांना निघणारी वाफ त्यांना अलग करते.

पण खरी परीक्षा अनारशाची. तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचे, पाणी रोज बदलावयाचें, चौथ्या दिवशीं ते उपसून सावलींत कपड्यावर पसरावयाचे, आणि किंचित् ओलसर असतांनाच कुटून चाळावयाचे. भिजण्यानें दाणा ठिसूळ होऊन पिठी बारीक होते आणि थोडें आंबल्यामुळें चवहि येते. त्या पिठींत किसलेला गूळ मिसळून गोळे डब्यांत ठेवितात. पाण्याचा थेंबहि न घालतां ते चार-पांच दिवसांत मऊ होतात, कारण गूळ पिठींतील ओल ओढून घेतो व स्वतः पाझरतो. गूळ अधिक झाला किंवा ओल राहिली, तर तुपांत सोडतांच अनारसा जाळी धरण्याऐवजीं पसरून फुटतो. याला घरांतील बायका "अनारसा हसला" असें म्हणतात. तो हसला कीं करणारीच्या डोळ्यांना पाणी येतें! अशा वेळीं थोडी कोरडी पिठी मिसळावी. उलट गोळा फार घट्ट असेल तर दुधाचा हात किंवा पिकल्या केळ्याचा लहान तुकडा कामीं येतो.

हाच न्याय इतर पदार्थांस लावून पाहावा. बेसनाच्या लाडवांत पाणी जवळजवळ नसतेंच, म्हणून ते टिकतात. सुकें खोबरें भाजून केलेल्या सारणाची करंजी पंधरा दिवस राहते. ओल्या नारळाची करंजी अधिक रुचकर, पण ती दोन दिवसांत संपविली पाहिजे.

इतकें शास्त्र ज्या हातांत आहे, त्या हातानें तें क्वचितच कागदावर उतरविलें. १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणीमित्र' निघालें. १९७० सालीं कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली आणि वाटी-चमच्याचें माप घरोघर पोंचलें. हे उपकार मोठे आहेत. तरीहि शंकरपाळ्यांसाठीं एक वाटी दूध, एक वाटी तूप व एक वाटी साखर एवढें मोजून झाल्यावर मैदा किती, तर "मावेल तितका" हेंच उत्तर येतें. सून विचारते, "सासूबाई, मोहन किती घालूं?" सासूबाई म्हणतात, "अग, पिठाची मूठ वळली पाहिजे, एवढें." हें उत्तर चुकीचें नाहीं. ज्या हाताला पीठ ठाऊक आहे, त्याला तें पुरेसें आहे. पण तो हात थकला, कीं उत्तराचा अर्थहि त्याच्याबरोबर जातो. पुढच्या वर्षीं कढई तीच, साहित्य तेंच. चकली मात्र आईची होत नाहीं, आणि विचारावयास कोणी उरलेलें नसतें.

आज तयार फराळ दुकानांत मिळतो, परदेशींच्या मुलांना पार्सलानें जातो. त्यांत वावगें कांहीं नाहीं. दिवसच्या दिवस चुलीपुढें बसण्याचें काम एकट्या बाईच्या माथीं होतें, आणि त्या कष्टांची मोजदाद कोणी ठेविली नाहीं. मात्र विकतच्या फराळानें सण साजरा होतो. घराची चव राखली जात नाहीं.

ती राखण्याचा उपाय सोपा आहे. यंदा घरांतील वडील बाई भाजणीला मूठ घालूं लागल्या, कीं परातीआधीं ती मूठ वाटींत रिकामी करावी, मोजावी, वहींत लिहावी, आणि मग पीठ परातींत जाऊं द्यावें. हें काम मुलानें करावें, मुलीनें करावें, घरच्या पुरुषांनींहि करावें. दोन प्रहरांचें हें काम आहे, आणि पुढल्या दिवाळीपर्यंत तें टाकूं नये.