वस्तीवरील घरी वेगवान इंटरनेट कसे आणावे

कालव्याचे पाणी शिवाराच्या सीमेपर्यंत आले, तरी शेतचारी काढल्यावाचून ते पिकाच्या मुळाशी पोहोचत नाही. पुष्कळ खेड्यांत आज इंटरनेटची स्थिती अशीच आहे. सातबाराचा उतारा, पीकपाहणीची नोंद, बाजारभाव, हवामानाचा अंदाज, मुलांचा अभ्यास ही सर्व कामे आता इंटरनेटवर होतात. परंतु मळ्यात राहणाऱ्या कुटुंबाला त्यांसाठी अद्याप गावात हेलपाटे घालावे लागतात.

ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर, म्हणजेच प्रकाशतंतूंची केबल, नेण्याची योजना भारत सरकारने २०११ साली मंजूर केली. पुढे तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात ग्रामपंचायती वर्तुळाकार जाळ्याने जोडण्याचे ठरले. केबल एके ठिकाणी तुटली, तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहावी, हा त्यामागील हेतू होय. ज्या गावांत ग्रामपंचायतीचे कार्यालय नाही, त्यांना मागणीनुसार जोडणी देण्याची तरतूदही त्यात आहे. ‘मागणीनुसार’ हा शब्द शेतकरी बांधवांनी नीट ध्यानात घ्यावा.

फायबरची जोडणी. केसासारख्या बारीक काचतंतूतून प्रकाशाच्या रूपाने संदेश जातात. प्रचलित पद्धतीत एक्स्चेंजमधून निघालेला एकच तंतू विभाजकाच्या साहाय्याने ३२ किंवा ६४ घरांत वाटता येतो व सुमारे २० किलोमीटरपर्यंत काम देतो. तेव्हा खरी अडचण अंतराची नसून खांब, केबल व मजुरी यांच्या खर्चाची आहे. एका घरासाठी हा खर्च जड जातो. तोच दहा-बारा घरांत वाटला म्हणजे सुसह्य होतो. म्हणून वस्तीवरील कुटुंबांनी एकत्र अर्ज करावा.

फायबर येईपर्यंत. मोबाइलच्या मनोऱ्यावर चालणारा राऊटर घेता येतो. प्रथम छपरावर निरनिराळ्या जागी मोबाइल धरून कोठे लहर चांगली मिळते, ते पाहावे. तेथेच मनोऱ्याच्या दिशेने अँटेना बसवावा. डोंगराआड मनोरा पोहोचत नसल्यास उपग्रहाचा विचार करावा. मात्र भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्याने उत्तर येण्यास अर्ध्या सेकंदाच्या आसपास विलंब लागतो व तो बोलताना जाणवतो.

वेगाची परीक्षा. जाहिरातीतील वेग मेगाबिटमध्ये दिलेला असतो. ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट. म्हणजे सेकंदास ४० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदास फार तर ५ मेगाबाइट मजकूर उतरतो. पैसे भरण्यापूर्वी शेजारच्या जोडणीवर वेग मोजून पाहावा. एकदा सकाळी व एकदा रात्री आठ-नऊच्या सुमारास. रात्री वापर वाढतो, तेव्हा टिकेल तोच वेग खरा समजावा.

वीज व निगा. वाटेतील विभाजकाला वीज लागत नाही. घरातील व एक्स्चेंजमधील यंत्रांना मात्र लागते. भारनियमनाच्या गावी राऊटरसाठी लहान बॅटरी ठेवणे इष्ट. केबल तीव्र कोनात वाकवू नये. प्रकाश क्षीण होतो. बांधावरून ती नेताना नांगर व ट्रॅक्टर यांपासून जपावी. पाइपलाइनसाठी चर खणण्यापूर्वी केबल कोठून गेली आहे, याची चौकशी करावी. एका घावाने सबंध वस्ती बंद पडते.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी या कामी पुढाकार घ्यावा. ग्रामपंचायतीतील जोडणी प्रत्यक्ष चालू आहे की नाही, हे पाहावे. बंद असल्यास लेखी तक्रार करावी. प्रत्येक वस्तीवरील इच्छुक कुटुंबांची यादी करून ती ग्रामसभेपुढे ठेवावी आणि ठरावासह सेवा देणाऱ्या कंपनीकडे पाठवावी. केबल गावात आली, एवढ्याने काम संपत नाही. शेतचारी ज्याप्रमाणे शेतकऱ्यांनी मिळून काढावी लागते, त्याप्रमाणे ही शेवटची वाटही वस्तीच्या एकजुटीनेच पूर्ण होईल.