जुन्या गाडीचा अलार्म, नव्या गाडीची राखण

जुनी मारुती 800 किंवा अल्टो देऊन टाकायची आणि जरा मोठी, पण तीही वापरलेलीच, गाडी घ्यायची, हा आपल्या नंदुरबार जिल्ह्यातला नेहमीचा व्यवहार. सौदा ठरला की मालक टेप काढून घेतो, सीट कव्हरं काढून घेतो. पदरचे पैसे घालून बसवलेला अलार्म मात्र बहुधा जुन्या गाडीबरोबरच जातो, कारण डॅशबोर्डखालच्या वायरींच्या गुंत्यात हात घालायला कोणी धजत नाही. कळसाडीसारख्या गावात गाडी अंगणात नाहीतर खळ्यावर उभी राहते, तेव्हा तिथे अलार्मची गरज शहरापेक्षा कमी नाही. शिवाय बसवणारा कारागीर हवा तर शहादा किंवा नंदुरबार गाठायचं. हे काम घरी जमतं. पण बसवण्यापेक्षा काढण्याला जास्त वेळ देणार असाल तरच.

अलार्मचा बॉक्स स्वतः फार काही करत नाही. त्याला कायमचे 12 व्होल्ट, बॉडीचा अर्थ आणि किल्ली फिरवल्यावर येणारा प्रवाह लागतो. दार उघडल्याची खबर दाराच्या स्विचकडून मिळते, धक्का बसल्याची खबर शॉक सेन्सरकडून. मग तो सायरन वाजवतो, इंडिकेटर लुकलुकवतो आणि स्टार्टरची वायर तोडून धरतो. या शेवटच्या कामात खरी मेख आहे. बसवताना कारागिराने स्टार्टरची मूळ जाड वायर कापून मध्ये रिले घातलेला असतो. बॉक्स उपटून नेलात आणि ती दोन टोकं तशीच लोंबकळत ठेवलीत, तर जुनी गाडी घेणाऱ्याच्या दारात ती सुरूच होणार नाही. टोकं पुन्हा जोडा, सोल्डर करा, वर हीट श्रिंक नळी चढवा. नुसती काळी टेप खानदेशच्या उन्हाळ्यात डिंक सोडते. जिथे मूळ वायर सोलून अलार्मची वायर गुंडाळली होती, ती प्रत्येक उघडी जागाही अशीच झाका.

काढण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवा. काही सायरनच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते. टोक सुटताच तो बोंब ठोकतो. त्याच्या बुडाशी बारीक किल्ली लागते, ती आधी शोधून ठेवा. अलार्मच्या वायरी बॉक्सजवळ कापू नका. गाडीच्या वायरीला जिथे जोड आहे तिथून सोडवा, आणि प्रत्येक टोकाला कागदी पट्टी चिकटवून ‘दार’, ‘इंडिकेटर डावा’, ‘स्टार्टर’ असं लिहा. एकाच रंगाची वायर दोन कंपन्यांत वेगवेगळ्या कामाला असते, म्हणून रंगावर विसंबू नये.

नव्या गाडीत जोडण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या. इग्निशनची योग्य वायर ती, जिच्यावर किल्ली ऑन केल्यावर 12 व्होल्ट येतात आणि स्टार्टर फिरतानाही टिकतात. टेपसाठी असलेल्या ॲक्सेसरी वायरीवरचे व्होल्ट स्टार्टर फिरताना नाहीसे होतात. चूक इथेच होते. दाराची वायर तपासायला आतला दिवा दार उघडल्यावर लागेल असा ठेवा: बऱ्याच गाड्यांत दार बंद असताना ती बारा व्होल्टच्या आसपास दाखवते, उघडताच शून्य. पिवळ्या आवरणातल्या वायरींना हात लावू नका. त्या एअरबॅगच्या असतात, आणि तिथे टेस्ट लॅम्प लावणं म्हणजे जिवाशी खेळ. इंजिन बंद पाडणारी तोड इंधनपंपावर कधीच घेऊ नका. चालत्या गाडीत रिले बिघडला तर घाटात पंचाईत. ती स्टार्टरवरच असू द्या. सायरन बॉनेटखाली, सायलेन्सरच्या गरम नळीपासून दूर, तोंड खाली करून बसवा, म्हणजे पावसाचं पाणी आत साचणार नाही.

रिमोट जुनाच चालतो, कारण त्याची ओळख बॉक्सशी असते, गाडीशी नाही. बऱ्याच अलार्मांत बटण दाबलं की दर वेळी नवा सांकेतिक आकडा जातो. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली ‘कीलॉक’ ही अशीच एक पद्धत अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने 1995 मध्ये विकत घेतली, आणि 2008 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी तिचं कुलूप फोडूनही दाखवलं. म्हणजे अलार्म चोराला उशीर करतो, अडवतोच असं नाही.

सगळं झाल्यावर बॅटरीच्या निगेटिव्ह तारेत ॲमीटर घालून उभ्या गाडीचा खप मोजा. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मात्र मारायचा नाही. 40 मिलीॲम्पिअर म्हणजे दिवसाला जवळजवळ एक ॲम्पिअर-तास. छोट्या गाडीची 35 ॲम्पिअर-तासांची बॅटरी मग उसाच्या हंगामात महिनाभर उभी राहून बसते. आकडा याहून खूप मोठा आला तर जोड चुकला आहे.

विम्याचं गणितही लक्षात घ्या. 2002 च्या मोटार टॅरिफमध्ये एआरएआय या वाहन-तपासणी संस्थेने मान्य केलेल्या चोरीरोधक यंत्राला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त 500 रुपये सूट होती. पण त्यासाठी बसवल्याचा दाखला लागे. घरच्या घरी केलेल्या कामाला तो मिळत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापल्यावर विजेच्या बिघाडाची हमी कंपनी नाकारू शकते.

म्हणून साधी किल्ली आणि साध्या वायरिंगची जुनी गाडी असेल, तर एका रविवारी सकाळी बसा आणि जरूर करा. किल्लीत चिप असलेल्या, दारं आणि दिवे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या गाडीला जुना बॉक्स लावायच्या फंदात पडू नका. तिथे स्टिअरिंगचं एक मजबूत लोखंडी कुलूप जास्त कामाचं.