वाढ आणि विराम

भाजी चिरताना विळी बोटाला लागते. रक्त थांबते, खपली धरते आणि काही दिवसांत खपलीखाली नवी कातडी तयार होते. जखम भरून येण्याचे नवल वाटतेच. परंतु त्याहून नवलाची गोष्ट ही की, जखम भरताच तेथील वाढ थांबते. कर्करोगाचे मर्म या थांबण्याशी निगडित आहे.

प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मास येते, हा सिद्धान्त जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्खो यांनी १८५५ साली मांडला. ही पेशी दुभंगते कशी, याचे सविस्तर वर्णन १८८२ साली वाल्टर फ्लेमिंग यांनी प्रसिद्ध केले. विभाजनापूर्वी मानवी पेशीच्या केंद्रकातील ४६ गुणसूत्रांची प्रत काढली जाते. मग ती आखूड व जाड होतात, केंद्रकाचे आवरण विरते आणि सारी गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर रांगेने उभी राहतात. दोन्ही टोकांकडून आलेले सूक्ष्म तंतू प्रत्येकाची एकेक प्रत आपल्या बाजूस ओढून घेतात. अखेर पेशी मध्यभागी आवळली जाते आणि एकीच्या दोन होतात.

या वाटेवर ठिकठिकाणी नाके असतात. प्रत पुरी झाली काय? तीत काही मोडतोड आहे काय? सर्व गुणसूत्रे तंतूंना नीट जोडली गेली काय? उत्तर समाधानकारक नसेल, तर पेशी थांबते व दुरुस्ती करते. दुरुस्ती अशक्य असेल, तर ती स्वतःचाच अंत घडवून आणते. हे नियमन उलगडणाऱ्या हार्टवेल, हंट आणि नर्स या शास्त्रज्ञांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

कर्करोगात ही शिस्त मोडते. काही जनुके बिघडली म्हणजे घोड्यावर सतत चाबूक उगारल्यासारखी पेशी पुढे धावते. काही बिघडली म्हणजे लगामच तुटतो. एका बिघाडाने सहसा रोग होत नाही. असे अनेक बिघाड वर्षानुवर्षे एकाच पेशीच्या वंशात साठत जातात. म्हणूनच बहुतेक कर्करोग उतारवयात आढळतात. कर्करोगाच्या पेशी सर्वांत वेगाने विभागतात, हा समज मात्र बरोबर नाही. आतड्याच्या अस्तरातील निरोगी पेशी अनेक अर्बुदांतील पेशींहून वेगाने विभागतात. पण त्यांना थांबणे ठाऊक असते. रोगट पेशी थांबत नाहीत, शेजारच्या भागांत घुसतात आणि रक्तावाटे वा लसिकेवाटे दूरवर जाऊन वस्ती करतात.

अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारी व्हिन्क्रिस्टीन व व्हिन्ब्लास्टीन ही औषधे गुणसूत्रे ओढणारे तंतू घडूच देत नाहीत. विभाजन अर्ध्यावर अडते आणि पेशी मरते. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टीन मोलाचे ठरले आहे. मात्र विभाजनावर घाव घालणाऱ्या औषधांना आपपरभाव पुरता कळत नाही. त्यांपैकी अनेकांमुळे केस गळतात किंवा अस्थिमज्जा क्षीण होते. सदाफुलीचा पालाही विषारी आहे. तो घरी चघळणे हा उपचार नव्हे.

गुणसूत्रांतील काही बिघाड केवळ योगायोगाने होतात, तर काही माणूस स्वतः ओढवून घेतो. मुंबईत १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तंबाखूच्या सवयी आणि तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधाकडे लक्ष वेधले. तंबाखूतील द्रव्ये पेशीतील आनुवंशिक मजकुरावरच घाला घालतात. ती सोडली की नव्या बिघाडांचा हा मार्ग बंद होतो आणि धोका हळूहळू उतरू लागतो.

बोटाची जखम भरून येते, कारण पेशी वेळेवर वाढतात आणि वेळेवर थांबतात. तोंडातील व्रण तीन आठवड्यांतही भरला नाही, पांढरा वा लाल चट्टा टिकून राहिला, किंवा कोठे गाठ वाढू लागली, तर ती न दुखणारी असली तरी वैद्यास दाखवावी. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पण जी असते, ती लवकर ओळखल्यास बरी होण्याची आशा पुष्कळच अधिक असते.