वेझेर नदीच्या काठी

फ्रान्स देशाच्या नैर्ऋत्य भागात दॉर्दोन्य नावाचा जिल्हा आहे. या जिल्ह्यातून वेझेर नावाची एक शांत नदी चुनखडीच्या उंच कड्यांमधून वळणे घेत वाहते. तिच्या दोन्ही तीरांवर माँतिन्याक हे गाव वसलेले आहे. गावाची वस्ती तीन हजारांच्या आतलीच. नदीकाठी जुन्या दगडी घरांची रांग आहे. एका उंचवट्यावर, पेरिगोरच्या सरदारांनी एके काळी राखलेल्या किल्ल्याचा भग्न बुरूज उभा आहे. गावाबाहेर पडताच अक्रोडाच्या बागा लागतात आणि त्यांच्यापुढे ओक व चेस्टनट वृक्षांची राने सुरू होतात. अशी टुमदार गावे फ्रान्समध्ये शेकड्यांनी सापडतील. परंतु माँतिन्याकच्या दक्षिणेस, चालत गेल्यास थोड्याच वेळात गाठता येते अशी एक टेकडी आहे. तिचे नाव लास्को. या टेकडीने माँतिन्याकचे नाव साऱ्या जगात पोहोचविले.

इ. स. १९४० चा तो उन्हाळा फ्रान्सला फार दुःखाचा गेला होता. जून महिन्यात जर्मनीने फ्रान्सचा पराभव केला आणि अर्धाअधिक देश शत्रूच्या ताब्यात गेला. माँतिन्याक गाव ताब्याबाहेरच्या भागात असल्यामुळे दूरदूरची निर्वासित कुटुंबे तेथे आश्रयाला आली होती. याच गावात मार्सेल राविदा नावाचा अठरा वर्षांचा तरुण राहत असे. तो मोटारदुरुस्तीचे काम शिकत होता. ८ सप्टेंबर रोजी आपल्या कुत्र्याला घेऊन तो लास्कोच्या रानात हिंडत असताना, एक झाड उन्मळून पडल्याने तयार झालेले एक भोक त्याच्या दृष्टीस पडले. त्याने आत दगड टाकून पाहिले. दगड बराच वेळ घरंगळत गेल्याचा आवाज आला. टेकडीच्या पोटात एक भुयार असून ते जुन्या वाड्यापर्यंत जाते, असा एक समज गावात होताच. मार्सेलला वाटले, हेच ते भुयार असावे.

चार दिवसांनी, १२ सप्टेंबर रोजी, तो पुन्हा टेकडीवर आला. या वेळी त्याच्याबरोबर जाक मार्साल, झॉर्झ आन्येल आणि सिमाँ कोएन्कास हे तिघे मुलगे होते. त्यांतला सिमाँ सर्वांत लहान, अवघा तेरा वर्षांचा. मार्सेलने स्वतः जुळवलेला एक दिवा बरोबर घेतला होता. सुरीने माती उकरून त्यांनी भोक मोठे केले आणि एकामागून एक ते आत घसरले. खाली ओला, अंधारा तळ होता. दिव्याचा मिणमिणता प्रकाश भिंतीवर पडला, तेव्हा त्यांना तेथे जनावरे दिसली. लाल, पिवळी, काळी. धावणारे घोडे, शिंगे रोखलेले बैल, फांद्यांसारखी शिंगे असलेले सांबर!

मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगायची नाही असे ठरविले. दुसऱ्या दिवशी ते दोर घेऊन पुन्हा उतरले आणि गुहेचे आणखी भाग त्यांनी पाहिले. परंतु असे गुपित मुलांच्या पोटात किती दिवस राहणार? अखेर त्यांनी आपले जुने शिक्षक लेओं लाव्हाल यांना सारे सांगून टाकले. मुलांनी आपली थट्टा चालविली आहे, असेच गुरुजींना प्रथम वाटले. प्रत्यक्ष पाहिल्यावर मात्र त्यांची खात्री पटली. प्राचीन गुहाचित्रांचे थोर अभ्यासक आंरी ब्रई त्या वेळी याच प्रांतात आलेले होते. तेही लवकरच येऊन गेले आणि ही चित्रे अतिप्राचीन व अस्सल आहेत, असा त्यांनी निर्वाळा दिला.

ही चित्रे किती जुनी असावीत? आपल्याकडील अजिंठ्याची सर्वांत जुनी चित्रे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. लास्कोची चित्रे सतरा हजार वर्षांहून अधिक जुनी आहेत, असे संशोधक मानतात. त्या काळी युरोपात कडाक्याची थंडी होती. माणसाला शेती ठाऊक नव्हती, धातू ठाऊक नव्हते. शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून तो जगत होता. अशा माणसांनी टेकडीच्या पोटात, जेथे सूर्याचा किरण कधीच पोहोचत नाही तेथे, जनावरांची सहाशेच्या आसपास चित्रे रंगविली आणि त्याहून अधिक आकृती दगडावर कोरल्या. एक बैल तर पाच मीटरांहून लांब आहे. गेरू आणि पिवळी माती यांपासून त्यांनी लाल व पिवळा रंग केला आणि मँगनीजच्या काळ्या दगडापासून काळा. हिरवा किंवा निळा रंग येथे आढळत नाही. उंचावरची चित्रे काढण्यासाठी त्यांनी परात बांधली असावी, कारण लाकडे खोवण्यासाठी केलेल्या खाचा भिंतीत आहेत. उजेडासाठी ते दगडी पणत्यांत प्राण्यांची चरबी जाळीत. लाल दगडाची, पळीसारखा दांडा असलेली अशी एक सुरेख पणती गुहेत सापडली आहे. आणखी एक नवल असे, की हे लोक मुख्यतः रेनडिअरचे मांस खात, हे तेथे सापडलेल्या हाडांवरून दिसते. पण चित्रांत रेनडिअर जवळजवळ नाहीच. जे रोज ताटात येते त्याचे चित्र काढावेसे त्यांना का वाटले नाही, हे कोडेच आहे.

गुहा सापडली खरी, पण तिची राखण कोणी करायची? बातमी पसरताच लोकांची रीघ लागली. मार्सेल आणि जाक यांनी भोकाशेजारी तंबू ठोकला आणि रात्रंदिवस तेथे राहून ते पहारा करू लागले. झॉर्झ आणि सिमाँ लवकरच आपल्या घरच्यांबरोबर पॅरिसकडे परतले. सिमाँचे कुटुंब ज्यू होते. पुढे त्याच्या आईवडिलांना पकडून छळछावणीत नेण्यात आले आणि ते परत आले नाहीत.

युद्ध संपल्यावर, १९४८ साली, गुहा लोकांसाठी खुली झाली. वाट रुंद करून पायऱ्या बांधल्या, विजेचे दिवे लावले. मार्सेल आणि जाक हेच वाटाडे झाले. १९५५ च्या सुमारास दिवसाला बाराशेपर्यंत माणसे गुहेत उतरू लागली. आणि मग हजारो वर्षे टिकलेली चित्रे पंधरा वर्षांत आजारी पडली.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गुहेच्या वर पाणी न झिरपू देणाऱ्या मातीचा थर होता आणि तिचे तोंड ढासळून बंद झालेले होते. त्यामुळे आतली हवा थंड, दमट आणि सदैव सारखी राहिली होती. आत आलेला प्रत्येक माणूस श्वासावाटे उष्णता, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतो. वाफ थंड भिंतीवर गोठून तिचे थेंब होतात. हा वायू त्या थेंबांत विरघळला की सौम्य आम्ल तयार होते आणि ते चुनखडीला खाऊ लागते. पाणी उडून गेले की विरघळलेला चुना पांढऱ्या पुटाच्या रूपाने चित्रांवर बसतो. लोकांच्या पायांबरोबर शेवाळाचे सूक्ष्म बीजाणूही आत आले आणि विजेच्या उजेडात ते फोफावले. १९६० च्या सुमारास भिंतींवर हिरवे डाग दिसू लागले. चित्रांना कोणी हातही लावला नव्हता. पाहणाऱ्यांच्या नुसत्या श्वासानेच हे घडले होते. अखेर १९६३ च्या एप्रिल महिन्यात, आंद्रे माल्रो हे सांस्कृतिक कार्यमंत्री असताना, गुहा लोकांसाठी बंद करण्यात आली. तिला पुढेही बुरशीने ग्रासले आणि तिच्यावरील उपचार संपलेले नाहीत. जाक मार्सालने मात्र तिची साथ सोडली नाही. १९८९ साली मृत्यू येईपर्यंत तो लास्कोशी निगडित राहिला.

मग माँतिन्याकला येणारे लोक काय पाहतात? ते पाहतात गुहेची प्रतिकृती. मूळ गुहेपासून दोनशे मीटरांवर, तिच्या दोन मुख्य दालनांची हुबेहूब प्रतिकृती १९८३ साली खुली झाली. भिंतीचा प्रत्येक उंचवटा मोजून घेतला होता आणि चित्रकर्त्रीने प्राचीन लोकांप्रमाणेच मातीचे रंग वापरून ती चित्रे पुन्हा रंगविली होती. २०१६ च्या अखेरीस टेकडीच्या पायथ्याशी याहूनही मोठी प्रतिकृती उभी राहिली. आत शिरल्यावर मूळ गुहेसारखाच गारवा जाणवतो. नक्कल पाहून काय समाधान मिळणार, असे एखाद्याला वाटेल. पण त्या बैलांखाली उभे राहिलेली मुले हळूहळू बोलायची थांबतात.

गुहा पाहून झाली की नदी खुणावू लागते. उन्हाळ्यात माँतिन्याकच्या काठावर लहान होड्या भाड्याने मिळतात. वेझेरचे पाणी संथ, त्यामुळे वल्हे मारायला नवशिक्यांनाही अवघड जात नाही. वाटेत सें-लेओं नावाचे खेडे लागते. तेथे अगदी पाण्याच्या काठावर शेकडो वर्षांपूर्वीचे दगडी चर्च आहे. त्याच्यापुढे ला रॉक सें-क्रिस्तॉफचा प्रचंड कडा येतो. सुमारे एक किलोमीटर लांब आणि ऐंशी मीटर उंच अशा या कड्याच्या पोटात निसर्गानेच मजले खोदले आहेत. मध्ययुगात तेथे एक संपूर्ण वस्ती नांदत होती. घरांच्या तुळया बसविण्यासाठी खडकात केलेली चौकोनी भोके तेथे पाहावयास मिळतात. १५८८ साली धर्मयुद्धांच्या धामधुमीत तेथील किल्ला पाडून टाकण्यात आला. आणखी खाली ले-झेझी गाव आहे. १८६८ साली तेथे रेल्वेचे काम चालू असताना मजुरांना प्राचीन मानवांचे सांगाडे सापडले. जगभरच्या पुस्तकांत ज्याला क्रोमॅग्नन मानव म्हणतात, तो हाच.

ज्यांना अस्सल चित्रेच पाहावयाची आहेत, त्यांच्यासाठी ले-झेझीजवळची फाँ-द-गोम ही गुहा आहे. पण तेथे दिवसाला मोजकीच माणसे आत सोडतात. रुफिन्याकच्या गुहेत विजेवर चालणारी छोटी आगगाडी प्रवाशांना आत नेते आणि तिच्या दिव्यात भिंतीवरचे मॅमथ, म्हणजे केसाळ हत्ती, दिसतात.

पायी हिंडण्याची आवड असलेले लोक मात्र माँतिन्याकहून पुन्हा लास्कोच्या टेकडीचीच वाट धरतात. वर ओकच्या झाडांत एक कुंपण आहे. त्याच्या पलीकडे काही पायऱ्या खाली उतरतात आणि एका बंद दाराशी थांबतात.